गुरुवारचं घर

माझी थोरली बहीण गेली त्याला आता काही महिने झाले. तिच्याबद्दल लिहायला बसलो की पहिल्याच शब्दाशी अडतो, कारण तिला काय म्हणावं हे ठरत नाही. घरात ती माझी आक्का. बाहेर, मुलुंडच्या डोंगराकडच्या वस्तीत, ती बाई. ताई मात्र तिने कुणाला म्हणू दिलं नाही. वस्त्यांमधून काम करणाऱ्या सगळ्या स्त्रियांना ताई म्हणायची पद्धत तिला पसंत नव्हती. तिचं म्हणणं असं की ताई म्हटलं की भांडता येत नाही, आणि ज्याच्याशी भांडता येत नाही त्याच्याकडून काही घेऊ नये. बाईंशी भांडता येतं. शाळेतल्या बाईंची तक्रार करतातच की लोक.

शोकसभेत सगळे तिला समाजसेविका म्हणाले. कुणी आद्य समाजसेविका म्हणाले. मी पहिल्या रांगेत बसलो होतो आणि मला सारखं वाटत होतं की आत्ता ती उठेल आणि म्हणेल, सेवा देवाची करतात, माणसांबरोबर काम करतात. हे वाक्य मी तिच्या तोंडून अनेकदा ऐकलं होतं. पण ती हे रागाने म्हणायची की हसून, हे मला तेव्हा आठवेना. एका छताखाली सगळा जन्म काढलेल्या माणसाचा आवाज इतक्या लवकर असा पुसट होतो, याचंच मी नवल करत राहिलो आणि पुढची भाषणं ऐकायची राहून गेली.

आम्ही दोघंही लग्नाच्या वाटेला गेलो नाही. ती कामामुळे, आणि मी तसं काही कारण नसताना. मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम केलं, तिने डोंगराच्या पायथ्याशी पाळणाघर काढलं. त्या काळी तिकडे जाणारा रस्ताही धड नव्हता. बाया कारखान्यांत पॅकिंगला जात, घरकामाला जात, आणि तान्ह्या पोराला सांभाळायला थोरल्या मुलीची शाळा कायमची सुटत असे. मोठाल्या गाड्यांतून माणसं येऊन दूध पावडर नि चादरी वाटून जात. आक्काने काही वाटलं नाही. तिने एक खोली मागितली, आणि बायांना सांगितलं की हे पाळणाघर मी चालवणार नाही, आपण चालवू. इतकं मला माहीत होतं. ते कसं चालवतात, कोण काय करतं, हे मी कधी नीट विचारलं नाही. ती सांगायची तेव्हा बहुधा माझ्या हातात पुस्तक असायचं.

आता एक घरातली गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमचे वडील वार लावून शिकले. कोकणातल्या खेड्यातून ते रत्नागिरीला शाळेत आले तेव्हा जेवणाची सोय म्हणजे सात घरं, आठवड्याच्या एकेका वाराला एकेक. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे. गरीब मुलाला असं वार देणं पुण्याचं मानत. वडिलांनी त्या घरांबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही. चांगलाही काढला नाही. फक्त गुरुवारच्या घराचा उल्लेख एकदोनदा झाला. तिथे सगळ्यांची पंगत उठल्यावर त्यांना मागल्या पडवीत पान मांडत, आणि त्या घरची आजी दारात उभी राहून त्यांचा प्रत्येक घास बघत असे. ती प्रेमाने बघत होती की मोजत होती, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही, असं वडील म्हणाले होते. तेव्हापासून त्यांनी कुणाच्याही घरी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. सख्ख्या बहिणीकडेही नाही.

आमच्या घरात त्यामुळे वार हा शब्दच नव्हता. आज काय वार आहे, असं आम्ही विचारत नसू. आज काय आहे, एवढंच. बाहेरच्यांच्या हे कधी लक्षात आलं नसेल. वडील गेल्यावरही आमची सवय तशीच राहिली.

आक्काचे सगळे विचार त्या पडवीतून आले, असं मी समजत होतो. ज्याला नको म्हणता येत नाही त्याला काही देऊ नये, हा तिचा नियम. वडिलांना नको म्हणता येत नव्हतं, भूक होती. पण तिचं दुसरंही एक म्हणणं होतं आणि ते वडिलांना झोंबलं होतं. एकदा ती त्यांना म्हणाली, "बाबा, तुम्हाला निदान सात घरं होती. वार लावायलाही जात लागायची. ज्यांना ती नव्हती त्यांना मागली पडवीसुद्धा नव्हती." वडील त्या दिवशी जेवले नाहीत. मी दोघांच्या मध्ये बसलो होतो. दोघांचंही मला पटत होतं. हे असं दोघांचंही पटणं हा माझा जुना आजार आहे.

आक्का गेल्यावर तेरा दिवस वस्तीतून माणसं येत राहिली. दिवस सरल्यावर एका रविवारी संध्याकाळी एक बाई आल्या. त्या लहानपणी आक्काच्या पाळणाघरात होत्या. त्यांच्या आईवडिलांचं मूळ गाव मराठवाड्यात, पण त्यांचा जन्म इथलाच. आता त्या स्टेशनजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट द्यायच्या खिडकीवर बसतात. वस्तीच्या वतीने बोलायचं काम बहुतेक त्यांच्याकडेच असतं. त्यांनी स्टीलचा डबा माझ्या हातात दिला. भाकरी आणि भरली वांगी होती. मग बसल्या, पाणी प्यायल्या, आक्काच्या फोटोकडे बघून डोळे पुसले, आणि उठताना म्हणाल्या,

"काका, आमचं सगळ्यांचं ठरलंय. तुमचा वार लावलाय. गुरुवार."

 तो शब्द घरात ऐकून मला किती वर्षं झाली होती.

"नाही म्हणू नका हां," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काय येतं नि काय नाही ते ठाऊक आहे आम्हाला. सकाळी यायचं, जेवण तिकडेच."

मला जरा विचार करू द्या, असं मी कसंबसं म्हटलं. त्यावर त्या चपला घालता घालता हसल्या. यात विचार कसला करायचा, बाईंच्या घरचे ना तुम्ही, म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

डबा हातात धरून मी दारातच उभा राहिलो. मला स्वयंपाक येत नाही, हे सगळ्या सोसायटीला माहीत आहे. तेव्हा म्हातारा एकटा राहिला, आठवड्यातून एकदा तरी गरम खाऊ दे, असं त्यांना वाटलं असणार. मी तसंच समजलो. आणि नेमका गुरुवार. वडिलांनी ज्या शब्दाला घराबाहेर काढलं होतं, तो माझ्या सत्तरीत डबा घेऊन दारात आला होता, तोही आक्काच्या माणसांच्या हातून.

बोरिवलीच्या मावसभावाला फोनवर सांगितलं तर तो खूष झाला. "मजा आहे रे तुझी," म्हणाला, "आयतं जेवण. आमच्याकडे सातही वार माझेच लागतात आणि रोज दुधी." मग जरा गंभीर होऊन म्हणाला की त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे, प्रेमाने देतायत. मी म्हटलं, वडिलांनाही प्रेमाने देत असतील. तो म्हणाला, तू ना, वाट लावतोस साध्या गोष्टीची.

असेलही. पुढचे काही दिवस माझे फार गोंधळात गेले. आक्काच्या नियमाने बघू म्हटलं. मला नको म्हणता येतं का? येतं. मग त्यांनी मला द्यायला हरकत नाही. पण मी नको म्हटलं नाही तर मला नको म्हणता येत होतं हे त्यांना कसं कळणार? आणि नको म्हटलं तर ज्या घरांनी आजवर कुणाच्या दारात हात पसरला नाही, त्यांच्या हातचं मी नाकारतोय असं होईल. आक्का शेवटच्या आजारात त्यांच्याच हातची पेज पीत होती. तोंडाशी चमचा धरला की लहान मुलासारखा आ करायची. तेव्हा तिचा नियम कुठे गेला होता? की त्या आजारात तिला नको म्हणता येत नव्हतं म्हणून ती घेत होती? मी तिच्या फोटोसमोर बसून हे सगळं मनात मांडायचो आणि चहा गार व्हायचा.

सवयीने कोशही काढला. वार म्हणजे दिवस. वार म्हणजे घाव. वार म्हणजे कापड मोजायचं माप, ज्यावरून नऊवारी. बाळंतपणानंतर पडते तीही वार. आणि शेवटी, गरीब विद्यार्थ्यास ठरावीक दिवशी घातलेलं जेवण. मी तिथे बोट ठेवून बराच वेळ बसलो. वडिलांचा सगळा शाळकरी काळ एका ओळीत होता, तोही शेवटच्या.

मग मी त्या बाईंना मोबाइलवर संदेश लिहिला. तो लिहायला मला सबंध सकाळ लागली. आपल्या स्नेहाचा मी ऋणी आहे, परंतु वार स्वीकारणे मला शक्य होणार नाही, माझ्या बहिणीच्या विचारांशी ते विसंगत ठरेल, असं काहीसं. शुद्धलेखन दोनदा तपासून पाठवला. निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. पहिल्या दिवशी वाटलं, बरं झालं, समजून घेतलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, राग आला असेल. नंतर काय वाटावं हेच समजेना.

राहिला होता डबा. रिकामा डबा परत करायचा नाही, हे आक्काचं नाही, आईचं. मी नाक्यावरून शेंगदाण्याचे लाडू आणले, डब्यात भरले आणि दुपारी वस्तीकडे निघालो. तो गुरुवार आहे हे माझ्या ध्यानात नव्हतं. मनात असं होतं की पाळणाघरात डबा ठेवून यावं, म्हणजे त्या बाईंना समोरासमोर भेटायला नको.

पाळणाघराला कुलूप होतं. आत सदा जो कलकलाट असतो असं आक्का सांगायची, तो नव्हता. पायरीवर एक तरुण बाई मांडीवर तान्हं आणि शेजारी एक चालतं पोर घेऊन बसली होती. तिच्या गळ्यात मॉलमधल्या हाउसकीपिंगचं ओळखपत्र होतं. मी विचारलं, आज बंद का?

"गुरुवार ना," ती म्हणाली. "गुरुवारच्या घराने नाही म्हटलं."

मला बोध होईना. कुठलं घर, असं मी विचारलं.

"ते खाली सोसायटीत राहतात. बाईंचे भाऊ." तिने पोराच्या हातातला दगड काढून घेतला. "वाचणारे आहेत म्हणे. वेळ नसेल त्यांना. माझी दुसरी सुट्टी ही, आता सुपरवायझर काय ठेवतो का कामावर."

मी काखेतला डबा उघडला. मीच तो, असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, लाडू आहेत, पोराला देऊ का? ती म्हणाली, द्या की. पोराने दोन घेतले.

तिथून मी थेट लॅबवर गेलो. खिडकीपाशी रांग होती, म्हणून रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा त्या बाईंनी रिपोर्टसाठी नाव विचारायला मान वर केली आणि मला पाहून पुन्हा खाली घातली. थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या. आम्ही फुटपाथवर चहाच्या टपरीजवळ उभे राहिलो.

मी वडिलांपासून सुरुवात केली. रत्नागिरी, सात घरं, मागली पडवी. त्या आधी दुसरीकडे बघत होत्या, मग माझ्याकडे बघायला लागल्या. मी संपवल्यावर त्या म्हणाल्या,

"म्हणजे तुम्हाला वाटलं आम्ही तुम्हाला जेवू घालतोय?"

मी हो म्हटलं. त्या हसल्या, पण पुरतं हसू आलं नाही.

"आणि आम्हाला वाटलं तुम्हाला आमच्यात बसायचं नाही. बाईंची गोष्ट वेगळी होती, असं म्हणालो आम्ही घरी. विसंगत म्हणजे काय ते मी इथल्या डॉक्टरांना विचारलं, काका."

टपरीवाल्याने चहा पुढे केला तो दोघांनीही घेतला, हे बरं झालं. हाताला काहीतरी काम हवं होतं.

मग त्यांनी मला सांगितलं. पाळणाघर सुरू झालं तेव्हा सहा वार, सहा घरं ठरली. ज्या घराचा वार, त्याच्याकडे त्या दिवशी किल्ली. पगारावरची एक बाई पोरांना सांभाळायला असतेच, पण वाराच्या घराचं माणूस आल्याशिवाय दार उघडत नाही. त्याने केर काढायचा, खिचडी टाकायची, पोरांना भरवायचं, स्वतः सगळ्यांच्या मागून तिथेच जेवायचं, आणि संध्याकाळी प्रत्येक पोर ज्याचं त्याच्या हातात द्यायचं. एखाद्या घराने अंग काढलं तर दुसऱ्याने गुपचूप भरून काढायचं नाही. तसं केलं तर महिनाभरात दोनच बाया राबतील आणि बाकीच्या लाभार्थी होतील, असं आक्का म्हणे. लाभार्थी म्हणताना तोंड वाकडं करायची, ते त्या बाईंनी करून दाखवलं. हुबेहूब होतं. आणि वार माणसाचा नसतो, घराचा असतो. सासू गेली की सुनेकडे येतो. गुरुवार आमच्या घराचा. इतकी वर्षं आक्का तो करत होती. बाकीचे दिवस ती येई, बसे, भांडे, कागदपत्रं बघे, पण खोली तिची फक्त गुरुवारी.

त्या म्हणाल्या, बाईंच्या आजारात नि दिवस सरेपर्यंत गुरुवार आम्ही सगळ्यांसमोर ठरवून वाटून घेतला, आणि मग बोललो की दुसऱ्या कुणाचं घर बघू. पण काका असताना परस्पर दुसऱ्याला दिला तर काका काय म्हणतील.

मला दोन गोष्टी विचारायच्या होत्या. हा शब्द कुणी काढला? बाईंनीच, त्या म्हणाल्या, आमच्या आया पाळी म्हणत होत्या, तर बाई म्हणाल्या वार म्हणा. का, ते नाही सांगितलं. आणि गुरुवार त्यांनी का घेतला?

"गुरुवारी तेव्हा पाणी उशिरा यायचं," त्या म्हणाल्या. "कुणी घ्यायला तयार नव्हतं. राहिला तो बाईंनी घेतला."

एवढंच असेल का? मला अजूनही माहीत नाही. जो शब्द वडिलांसमोर तिने एकदाच तोंडात आणला होता, तोच तिने डोंगराच्या पायथ्याशी न्यावा, उलटा करावा, आणि घरी येऊन त्याबद्दल अवाक्षर काढू नये. वडिलांचं पान तिने पडवीतून उचलून आत मांडलं, असं मला म्हणावंसं वाटतं. पण हे शोकसभेतल्या भाषणासारखं झालं. कदाचित तिला तो शब्द फक्त सोपा वाटला असेल. कदाचित पाण्याचीच गोष्ट असेल. विचारायची सोय नाही.

मला स्वयंपाक येत नाही, पोरं सांभाळता येत नाहीत, असं मी शेवटी म्हटलं. त्या म्हणाल्या, बाईंना तरी कुठे येत होता. खिचडी खाली लागायची त्यांची. वास आला की पोरं म्हणायची, आज गुरुवार.

पुढच्या गुरुवारी मी गेलो. किल्ली लॅबमधल्या बाईंनी आदल्या दिवशीच आणून दिली होती. कुलूप काढलं, केर काढला. आधी कोपऱ्यातून दाराकडे काढायचा की दारातून कोपऱ्याकडे, यावरून पगारावरच्या बाई आणि एक चार वर्षांची मुलगी यांच्यात मतभेद झाले, दोघींचंही मला पटलं. खिचडी मी पगारावरच्या बाईंच्या सांगण्याप्रमाणे टाकली, तरी मीठ घालायचं राहिलं आणि ती खाली लागली. पोरांनी वास घेतला, एकमेकांकडे बघितलं, आणि एकजण काहीतरी म्हणाला. मला ऐकू आलं नाही. ऐकू आलं असं मी धरून चाललो आहे.

पोरांना भरवून निजवल्यावर माझं जेवण. सगळ्यांच्या मागून, हा नियमच. खोलीच्या मागल्या अंगाला छपराखाली थोडी जागा आहे, तिथे बसून मी ताट मांडीवर घेतलं. मॉलमध्ये काम करणारी ती तरुण बाई अर्धा दिवस भरून लवकर आली होती. तिची नोकरी राहिली होती. मी कोण हे तिला आता कुणीतरी सांगितलं असावं, कारण ती दारात उभी राहून माझ्या ताटाकडे बघत होती. पायरीवरचं बोलणं आठवून ओशाळली होती, की म्हाताऱ्याला आपलीच खिचडी गिळवते का हे बघत होती, ते तिच्या चेहऱ्यावरून ओळखता येईना.

मी परक्या घरी, ठरल्या वारी, मागल्या बाजूला बसून जेवत होतो. हा वडिलांचा गुरुवार होता की आक्काचा, हे त्या क्षणी मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. घास हातात होता आणि मी तेच उलटसुलट करत होतो. तेवढ्यात तिने पातेलं उचलून आणलं.

"अजून वाढू का, काका?"

आमच्या घरात या प्रश्नाचं एकच उत्तर होतं, आणि ते माझ्या ओठांवर आलंही.  ती डाव घेऊन वाकून उभी होती. मग मी ताट पुढे केलं आणि म्हटलं, वाढा.

तिने बुडाची, लागलेलीच वाढली. तीच उरली होती.